चाळिसांतला एक निबंध

आमच्या शाळेत आठवड्याचं नियोजन आधी होतं, शिकवणं जमलं तर. शुक्रवारी तीनच्या आत झालेल्या आणि पुढच्या कामाचा तक्ता पर्यवेक्षकांच्या टेबलावर पडलाच पाहिजे. स्टाफरूममध्ये आम्ही त्यांना तारीखसर म्हणतो. माणूस वाईट नाही, पण तारखेपुढे त्यांना मूल दिसत नाही.

नववीच्या इंग्रजीत निबंधाला एकच तास. तेवढ्यात चाळीस मुलं काय कपाळ लिहिणार? म्हणून बावीस वर्षं मी फळ्यावर निबंध लिहून देते, मुलं उतरवून घेतात, शुक्रवारी वह्या जमा. सगळ्यांना दहापैकी आठ. सगळं वेळेत आणि सगळी निव्वळ धूळफेक.

यंदाचा विषय 'माझ्या ओळखीचं माणूस'. मी फळ्यावर नेहमीचा प्रामाणिक पोस्टमन लिहून दिला. शेवटच्या बाकावरची चिमणी, आवाजच तेवढा म्हणून हे नाव, पेन खाली ठेवून म्हणाली, "मॅडम, मी नाही ओळखत ह्यांना."

वर्ग हसला. मीही हसले. "मग तुझ्या ओळखीचं लिही, पण शुक्रवारपर्यंत!"

शुक्रवार गेला. वही आली पुढच्या बुधवारी. दोन पानं, तिच्या मावशीवर. मावशी लिफ्ट चालवते, दिवसभर लोकांना अकराव्या मजल्यावर सोडते आणि घरी येऊन चार जिने पायी चढते. गुडघे दुखतात, ते कळू नये म्हणून प्रत्येक मजल्यावर थांबून शेजाऱ्यांची चौकशी करते. चुका पैशाला पासरी. तरी माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच एका मुलीनं मला इंग्रजीत काहीतरी सांगितलं होतं.

शुक्रवारी तक्ता आणि मार्कांची यादी घेऊन मी गेले, तेव्हा तारीखसरांनी नियमावर बोट ठेवलं. उशिरा आलं की शून्य. चिमणी आधीच काठावर, शून्य म्हणजे इंग्रजीत नापास आणि नववी पुन्हा.

"नियम सगळ्यांना सारखा, मॅडम. एकोणचाळीस जणांनी वेळेत दिलाच ना?"

माझं डोकंच फिरलं. "कुणी दिला? ते एकोणचाळीस मी लिहिलेत, सर!"

"हळू बोला."

"का म्हणून? इतकी वर्षं तोंडात मूग गिळून बसले, तेवढं पुरे झालं."

तक्ता ओढून 'पूर्ण झालेलं काम' ह्या रकान्यात मी लिहिलं, निबंध एक. पुढच्या आठवड्याचे पाचही तास निबंधाला दिले. मग मार्कांच्या यादीत चिमणीपुढे सात लिहिले, बाकीच्यांपुढे रेघ ओढली आणि सही ठोकली.

"अहो, उद्या पालक दारात उभे राहतील! तुम्हाला नोटीस मिळेल."

"मिळू दे. पालकांना सांगा, मुलं आता स्वतः लिहितील, तेव्हा मार्क मिळतील. पोस्टमनचे आठ माझ्या नावावर टाका. बावीस वर्षं मी ते मलाच देत आलेय."