जवळ्याची चिमूट

धरणावरचे एक साहेब बदलून गेले तेव्हा त्यांनी काचेची पेटी आणि तिच्यातले सोनेरी मासे चिमाजीला देऊन टाकले. चिमाजी त्यांच्या हाताखाली कारकून होता. भोरच्या घरात ओसरीवरच्या खिडकीशी पेटी ठेवली, आणि बघता बघता ती चिमाजीच्या आईची झाली. साळूबाई तुळशीला पाणी घालून आल्या की पेटीपुढे बसायच्या. मासे काचेशी गोळा व्हायचे.

"आलं बघा माजं गोकूळ," त्या म्हणायच्या.

साहेबांनी दिलेला खाण्याचा डबा संपला. मग साळूबाईंनी कुरमुरे सुरू केले, नंतर शिजवलेला भात. माशांचा रंग उतरला, ते तळाशी पडून राहू लागले. एक मेला. साळूबाईंनी तो परसात पुरला आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

रतन ही चिमाजीची बायको. पुण्यात इंटर सायन्सपर्यंत शिकलेली, आता मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवणारी. नुसत्या भातावर माशांचं शरीर उभं राहणार नाही, त्यांच्या खाण्यात थोडी मासळी हवी, हे तिला कळत होतं. पण घरात मासळी येत नव्हती. चिमाजी लहानपणी तापाने अंथरुणाला खिळला होता. पोर उठलं तर माळ घालीन, मासमटण तोंडाला लावणार नाही, असं तेव्हा साळूबाई बोलल्या होत्या. चिमाजी उठला. त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ तेव्हापासूनची.

रतन कुणाला न सांगता बाजारात गेली. नदीतले ताजे मासे तिने मनातूनच वगळले. त्यांच्याबरोबर रोग पेटीत यायचा. सुकी मासळी वरंधा घाट चढून कोकणातून यायची. तिच्यातली खारवलेली गोड्या पाण्यातल्या माशांना चालणार नव्हती. राहिला जवळा, नुसता उन्हात वाळवलेला. सुकी मासळी विकणाऱ्या अंबूबाईच्या पहिल्या पाटीतला जवळा पिवळा पडला होता, त्याला जुन्या तेलाचा वास येत होता. दुसऱ्या पाटीतला तिने तळहातावर चोळला तर वाळू लागली. तिसरा गुलाबीसर, कोरडा होता. त्यातला एक तिने जिभेवर ठेवला.

"बाई, चाखून चाखूनच पाटी संपवताय व्हय?" अंबूबाई म्हणाली.

"मीठ नाही ना, ते बघते."

"येवढी पारख! बाळंतीण हाय का घरात?"

"नाही. पाळलेल्यांसाठी हवाय."

"मांजरं म्हना की! लई लाडाची दिसत्यात."

जवळा तिने घरी नेलाच नाही. शाळेत धुतला, वाळवला, प्रयोगाच्या खलात कुटला आणि नाचणीच्या पिठात मिसळला. मिश्रीने म्हणा, चुलीच्या धुराने म्हणा, साळूबाईंचं नाक केव्हाच गेलं होतं. हेही रतनने हिशेबात धरलं होतं.

"नाचणीचं पीठ आहे, आत्या," डबी पुढे करत ती म्हणाली. "याने सुधारतील."

मासे सुधारले. रंग परत आला. साळूबाई शेजारणींना ओढून आणून दाखवू लागल्या. "आमच्या हिर्डोशीला नाचणीवरच माणसं डोंगर चढत्यात. मासं का न्हाई पोहणार?"

रतन हसायची. मास्तरीण म्हणून प्रयोग साधल्याचा आनंदही तिला होत होता.

शाळेला सुट्टी होती त्या सकाळी ती सासूजवळ येऊन बसली. साळूबाईंनी डबीतून चिमूट उचलली, आधी स्वतःच्या जिभेला लावली आणि मग पाण्यात सोडली.

"आत्या, हे काय?"

"काय म्हंजे? लेकराला घास द्यायचा तर आदी आपल्या जिबंवर धरावा. खारट हाय का, कडू हाय का. चिमाजीला असंच वाढिवलं म्या."

"रोज चाखता?"

"तू डबी दिलीस तवापास्नं."

 वास, वाळू, मीठ, रतनने सगळं तपासलं होतं. घास देणारा हात तेवढा राहून गेला होता.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आजपासून मी घालते खाणं."

"का गं? माजं काय चुकलं?" साळूबाईंनी डबी छातीशी धरली. पुन्हा रतनसमोर ती चिमूट जिभेला लागली. मग एकादशी आली. "आज मला उपास हाय, रं," साळूबाई माशांना सांगत होत्या. "आज चाखायची न्हाई. तसंच ग्वाड मानून घ्या."

रतनला पुढे ऐकवेना. तिने तिथेच सगळं सांगितलं. जवळा, खल, खोटं.

साळूबाईंचा हात गळ्याकडे गेला.

"चिमाजी कुठं हाय?"

"धरणावर. कामावर."

"बरा हाय न्हवं?"

"बरे आहेत, आत्या. सकाळी भाकरी बांधून नेली की. आणि तुमच्या हातून नकळत झालं. दोष माझा आहे."

"दोष कुनाचा, ते म्या इचारलंच न्हाई." त्यांनी माळ काढली आणि देवापुढे ठेवली. "आता माळ देनाऱ्या बुवांकडं जाऊन परत मागायची. दिली तर दिली." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "येवढी शिकलीस तू. आत्या, हात लावू नगा, येवढंच म्हनायचं हुतंस. म्या लांब बसून बघितलं असतं."

संध्याकाळी चिमाजी दिसेपर्यंत त्या दारातून हलल्या नाहीत. आल्यावर त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

सकाळी रतनने डबी उघडली. मासे काचेशी आले. साळूबाई अंगणात तुळशीपाशी पाठ करून बसल्या होत्या. गळ्यावर माळेचा फिकट वळ तेवढा दिसत होता.

"खाल्लं का?" त्यांनी न वळताच विचारलं.

"घालतेय, आत्या."

"चाखलंस आदी?"

रतनने चिमूट जिभेवर ठेवली. मीठ नव्हतं. तिने उरलेली पाण्यात सोडली.

"चाखलं," ती म्हणाली.