चौदा नंबरची कोरी नळी

मी एक जुनी, जांभळ्या झाकणाची नळी आहे. रक्ताचा एक थेंबही माझ्यात कधी आला नाही, तरी मला जपून ठेवले आहे.

मित्रांनो, कारखान्यात आमच्या पोटातली हवा काढून घेतात, म्हणजे सुईला जोडताच रक्त आपोआप आत ओढले जाते. तिथून मी दक्षिण कोरियातल्या जेओंजू शहरातील एका औषध चाचणी केंद्रात आले. रक्तदाबाची नवी, स्वस्त गोळी मूळ गोळीइतकीच रक्तात उतरते का, हे तिथे पाहत होते. माणसे चोवीस, आणि गोळीनंतर प्रत्येकाचे रक्त घेण्याच्या वेळा ठरलेल्या. माझ्यावर चिठ्ठी लागली : चौदा नंबर, दीड तास.

चौदा नंबर म्हणजे को ग्वांगसू, बंद पडलेल्या कागद गिरणीतला कामगार. त्याने आठला गोळी घेतली. साडेनऊला दोन मिनिटे कमी असताना मेंग हेसुक या परिचारिकेने मला उचलले आणि तो खुर्चीवरून घसरला. तिने मला ट्रेमध्ये टाकले, त्याचे पाय उंच धरले. माझी वेळ निघून गेली.

शुद्धीवर येताच त्याने विचारले, "ताई, माझ्यामुळं सगळं वाया गेलं का?"

"पडून राहा," ती म्हणाली.

पुढचे रक्त दहाला घ्यायचे होते. शीर सापडेपर्यंत सात मिनिटे गेली.

केंद्रप्रमुख प्योन साहेब आले. औषध रक्तात सर्वांत जास्त चढते ते याच सुमारास, आणि नोंदीत तिथेच भोक पडले होते. दहाच्या नळीतले थोडे रक्त हिच्यात घाल, त्या नळीची वेळ दहाचीच लिही, असे त्यांनी हळू आवाजात सांगितले. "सात मिनिटांनी कोणाचं काय बिघडतंय, हेसुक?"

"साडेनऊला रक्त निघालंच नाही, साहेब. ते कुठून आणू?"

तिने लिहिले : दीड तासाचा नमुना नाही, स्वयंसेवक बेशुद्ध. खाली : दहा वाजून सात मिनिटे.

आकडेमोड करणाऱ्यांनी माझी जागा मोकळीच ठेवली, दुसरीला खरी वेळ लावली. गोळी केसभराने नापास झाली. जास्त माणसे घेऊन चाचणी पुन्हा झाली. त्या वेळी हेसुकला कामावर बोलावले नाही. मला काय वाटले, ते मला सांगता येत नाही.

दोन वर्षांनी एक तपासनीस बाई आल्या. त्यांनी मला खोक्यातून काढून उजेडात धरले, हेसुकने लिहिलेल्या ओळीशी ताडून पाहिले आणि परत ठेवले. माझे कौतुक झाले ते एवढेच.

मित्रांनो, तुमच्या हातून एखादी वेळ हुकली, तर हुकली असेच लिहा. गोळी घेणारा तुम्हाला ओळखत नसतो. तुम्ही लिहिलेल्यावर भरवसा ठेवून तो पाण्याचा घोट घेतो.