मनस्वीच्या दुपारची खाट

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे. जुनी म्हटलं की लगेच चेहरे पाडू नका. माझे चारही पाय धड आहेत, गादी गेल्याच वर्षी बदलली आहे आणि मला कुणाची दया नको आहे. मी चिडलेली आहे. का चिडले ते सांगते, पण आधी ओळख नीट होऊ द्या, नाहीतर म्हणाल, खाटेला कसला एवढा राग.

माझा जन्म महाप्याच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये झाला. पाइप कापून, वाकवून, वेल्डिंग करून मला उभी केली आणि अंगावर पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले. कारागिराने मला गदागदा हलवून बघितलं आणि म्हणाला, "हिच्यावर हत्ती झोपवा, कुरकुरणार नाय." एवढं कौतुक नंतर माझं कुणी केलं नाही. तिथून टेम्पोत बसून मी वाशीतल्या एका शाळेत आले. तळमजल्यावर जिन्याशेजारी 'आरोग्य कक्ष' अशी पाटी असलेली खोली आहे, तिथे मला ठेवलं. मुलं तिला सिकरूम म्हणतात.

माझ्या पाठीवर तापाने फणफणलेली मुलं झोपली, फुटलेले गुडघे घेऊन मुलं झोपली, मैदानावर चक्कर आलेली झोपली. गणिताच्या पेपराच्या दिवशी पोटात कळ येणारे तर विचारू नका. सोंग मला लगेच कळतं. सोंग करणारं मूल ताठ पडतं, एक डोळा दाराकडे ठेवतं आणि सिस्टर बाहेर गेल्या की पाय हलवायला लागतं. खरं आजारी मूल अंग सोडून देतं. पण खाटेला विचारतो कोण?

मनस्वी सातवीत असताना पहिल्यांदा माझ्याकडे आली. वाशी गावातली, कोळ्यांची मुलगी. वडील हितेश कंपनीत नोकरीला, आई सुचिता घरून डबे पुरवते, आजी सुमित्राबाई गावच्या बाजारात मासळी विकते. वर्गात झोपली म्हणून दिपेश सरांनी तिला खाली पाठवलं होतं. ती आली, माझ्या काठावर बसली आणि बूट काढता काढता झोपली. एक बूट पायात, एक हातात. मित्रांनो, सोंग असं नसतं.

दिपेश सर तिला भर वर्गात 'कुंभकर्णाची बहीण' म्हणायचे. उभं करायचे, तर ती उभ्याउभ्या पेंगायची. एकदा कुणीतरी गंमत केली, सगळ्यांबरोबर तीही हसली, आणि गुडघे मुडपून खालीच कोसळली. सर म्हणाले, "बस झालं नाटक, ऊठ." तिला सगळं ऐकू येत होतं, पण हात उचलवत नव्हता की जीभ हलत नव्हती. घरी सुचिताला वाटलं पोरगी रात्रभर मोबाइल बघते, तिने मोबाइल काढून घेतला. सुमित्राबाईंना वाटलं दृष्ट लागली, त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळल्या, गावदेवीला नारळ ठेवला. मोठ्या मॅडमना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना वाटलं, शिस्त नाही. ज्याला त्याला काहीतरी वाटलं आणि पोरीला काय होतंय ते कुणी विचारलं नाही.

मग तिने हसणंच टाकलं. मैत्रिणींचा घोळका खिदळायला लागला की ही उठून पाणी प्यायला जायची. बारा-तेरा वर्षांची मुलगी हसायला घाबरते आणि अख्ख्या शाळेला त्याचा पत्ता नाही. मला संताप येतो तो याचा.

ती आठवीत गेली तेव्हा सुनीती सिस्टर आमच्याकडे नर्स म्हणून आल्या. मनस्वी माझ्यावर झोपलेली होती. सिस्टरनी तिला गदागदा हलवलं नाही. ती जागी होईपर्यंत शेजारी बसून राहिल्या आणि मग त्यांनी विचारलं, "मनू, हसलीस की तुला काय होतं गं?"

पोरगी जी रडायला लागली, माझी गादी ओली झाली. "गुडघ्यातला जीव जातो, सिस्टर. आणि उठताना कधीकधी डोळे उघडे असतात पण अंग हलत नाही. कोणीतरी खोलीत उभं असल्यासारखं वाटतं. मला वाटलं मी वेडी होतेय. म्हणून कुणाला बोलले नाही."

सिस्टरनी आईवडिलांना बोलावलं, झोपेच्या विकारांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डोक्याला वायरी लावून तपासण्या झाल्या आणि आजाराचं नाव निघालं, नार्कोलेप्सी. तिच्या मेंदूत झोप आणि जाग यांच्यामधलं दार नीट लागत नाही, असं सिस्टरनी सुचिताला समजावलं. हसू आलं की झोपेतलं लुळेपण त्याच दारातून जागेपणी आत येतं. म्हणजे आळस नव्हता, दृष्ट नव्हती, मोबाइलही नव्हता. सुचिता पदराने डोळे पुसत म्हणाली, "मी हिला किती मारलंय, सिस्टर."

त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात अभिमानाचे. सकाळी घरून एक गोळी, दुपारी सिस्टरच्या हातची एक गोळी, आणि डबा खाल्ल्यावर माझ्यावर छोटीशी झोप. ती झोप म्हणजे औषधच होतं, आणि ते औषध देणारी मी होते. सिस्टर तिची नाडी बघायच्या, वजन बघायच्या, डबा खाल्ला का विचारायच्या, कारण त्या गोळीने भूक मरते. उठवताना गजर लावायच्या नाहीत. हळूच म्हणायच्या, "मनू, मी सुनीती. तू शाळेत आहेस. हात आत्ता हलतील, घाई नाही." आणि हात हलायचे.

पण सुख बघवत नाही ना लोकांना. सहावीतला पार्थ आमच्याकडे दुपारी गोळी घ्यायला यायचा. त्याला एडीएचडी. तो माझ्यावर कधी झोपला नाही, उड्या मात्र भरपूर मारल्या. त्याची आणि मनस्वीची गोळी एकच आहे हे मोठ्या मॅडमच्या कानावर गेलं. त्या खाली आल्या.

"जो जागेवर बसत नाही त्यालाही हीच, आणि जी जागी राहत नाही तिलाही हीच? सिस्टर, हे मला पटत नाही."

"मॅडम, पार्थला ही गुंगी देत नाही. लक्ष टिकवायला मदत करते. मनस्वीला जागं राहायला मदत करते. डॉक्टरांनी दोघांना वेगवेगळं तपासून, वेगवेगळ्या मापाने दिलीय."

"पालकांच्या ग्रुपवर शाळेत ड्रग्ज देतात म्हणून चर्चा आहे. मला टेन्शन नकोय. उद्यापासून शाळेत गोळी द्यायची नाही."

झालं. दम्याचा पंप चालतो, तापाची गोळी चालते, चष्मा तर कौतुकाने चालतो. डोक्यासाठी गोळी म्हटली की सगळे चार हात लांब. पार्थची आई दुपारी येऊन शाळेच्या फाटकाबाहेर त्याला गोळी द्यायला लागली, उन्हात उभी राहून. सुचिताचे दुपारी डबे असतात, तिला येणं जमेना. मग डॉक्टरांनी मनस्वीची गोळी बदलली. आता मोठी, दिवसभर हळूहळू विरघळणारी, सकाळी घरूनच घ्यायची.

आणि मनस्वी बिघडली. सकाळी यायची ती थरथरत. छातीत धडधड, डब्याला हात नाही, मैत्रिणींवर वसकन ओरडायची. दुपार झाली की मात्र डोक्यात काठी घातल्यासारखी झोपायची. सहामाहीच्या विज्ञानाच्या पेपरात ती अर्ध्यावर झोपली आणि उत्तरपत्रिका तशीच गोळा केली गेली. "गोळी घेतलीस का?" सिस्टर रोज विचारायच्या. "घेतली," ती रोज म्हणायची. ती खोटं बोलत नव्हती. सिस्टरनी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लवकर दाखवायला बोलावलं. पण त्याआधीच मोठ्या मॅडमनी घरच्यांना बोलावून घेतलं.

बैठक माझ्याच खोलीत झाली. मॅडम, दिपेश सर, सिस्टर, सुचिता आणि बाजारातून तशाच आलेल्या सुमित्राबाई. मनस्वी भिंतीला टेकून उभी. दाराबाहेर भंगारवाला थांबला होता, माझ्यासाठी.

मॅडम म्हणाल्या, "औषधाने मुलगी सुधारायच्या ऐवजी बिघडली. पुढच्या वर्षी हिची नववी आहे, आम्ही रिस्क घेऊ शकत नाही. गोळी बंद करा, नाहीतर हिला घरी बसवा आणि बाहेरून दहावी द्या. आणि हा झोपेचा प्रकार आजपासून बंद. ही खाट काढतोय आपण, इथे टेबल येईल."

मनस्वीने आईकडे बघितलं. सुचिता खाली बघत होती. तिने मनातून हार मानली होती, मला दिसत होतं.

तेव्हा सिस्टर सुमित्राबाईंकडे वळल्या. "आजी, सकाळी गोळी कोण देतं?"

"मीच देतंय. आई डब्यात असते ना तिची."

"कशी देता?"

सुमित्राबाईंचा चेहरा उजळला. "येवढी मोठी गोली, पोरीला गिलता येय नाय. डोल्यान पानी येतं तिच्या. मं मी सहानेवर उगालून मधात चाटवतंय. बालपनी तिची गुटी मीच उगालायची. कन पन वाया जात नाय."

दिपेश सर मान फिरवून हसले. "घ्या. गावठी उपाय."

मित्रांनो, त्या वेळी मला पाय असून लाथ मारता आली नाही याचं वाईट वाटलं. त्या बाईला कुणी सांगितलं होतं? दवाखान्यात सांगितलं, रोज सकाळी एक. औषधवाल्याने पाकीट हातात ठेवलं. आतला कागद इंग्रजीत. जिने सगळी नातवंडं सहाणेवरच्या औषधावर वाढवली, ती मायेने गोळी उगाळणार नाही तर काय करणार? आणि ही मोठी गोळी घरात आलीच का? दुपारची छोटी गोळी याच खोलीत, याच शाळेने बंद केली म्हणून. ते मात्र कुणाला आठवत नव्हतं.

सिस्टर सुमित्राबाईंच्या समोर खाली बसल्या. "आजी, तुमची माया बरोबर आहे. पण ही गोळी दिवसभर थोडी थोडी सुटावी अशी बनवलीय. उगाळली की दिवसभराचं औषध सकाळीच अंगात जातं. म्हणून सकाळी धडधड, आणि दुपारी काही उरतच नाही. मी रोज विचारलं, गोळी घेतली का. कशी घेतली हे विचारायचं माझं काम होतं. ते राहिलं."

सुमित्राबाईंचा हात तोंडाकडे गेला. "म्हंजे मीच पोरीला..."

"तुम्ही नाही, आजी. आता उगाळू नका, एवढंच. गिळायला आपण शिकवू तिला. भाकरीची बारीक गोळी करून आधी ती गिळायची, मग जरा मोठी. आणि डॉक्टरांना मी हे लगेच कळवते."

मॅडमनी घड्याळ बघितलं. "ठीक आहे, कारण कळलं. पण शाळेत झोपायची सवलत मी देणार नाही. इतर मुलं काय म्हणतील? ही खाट जाईल." आणि त्यांनी भंगारवाल्याला हात केला.

तो आत आला. त्याने माझा पाय धरला. तेवढ्यात सुमित्राबाई उठल्या, पदर खोचला आणि माझ्यावर ऐसपैस बसल्या. मासळीच्या वासासकट.

"खाट नेतंस? ने. मनाबी ने हिच्यासंगती. भंगारान माजा भाव काय येतो तो पन बघू."

भंगारवाला मॅडमकडे बघायला लागला. मॅडम सरांकडे. आणि भिंतीजवळून एक आवाज आला, जो मी कित्येक महिने ऐकला नव्हता. मनस्वी हसली. आधी नाकातून, मग तोंड भरून.

आणि तिचे गुडघे गेले. मान लवली, जबडा सैल झाला, ती भिंतीवरून घसरत खाली आली. सुचिता ओरडली. सिस्टरनी तिला अर्ध्यावर धरलं, सुमित्राबाईंनी जागा केली आणि तिला माझ्यावर आडवी केली. डोळे उघडे होते.

"कुणी हलवू नका तिला," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "ती शुद्धीवर आहे. आपण बोलतोय ते सगळं तिला ऐकू येतंय. सर, आधीसुद्धा येत होतं."

दिपेश सर जवळ आले. तिने नुसते डोळे त्यांच्याकडे वळवले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि तो यायलाच हवा होता.

सुमित्राबाईंनी नातीच्या केसांवरून हात फिरवला आणि मनस्वीने घरी सांगितलेलं सिस्टरचं रोजचं वाक्य आपल्या बोलीत म्हणाल्या, "मनू, मी आजी. तू शालेन हाय. हात आता हलतील, घाई नाय." थोड्या वेळाने मनस्वीची बोटं हलली आणि तिने आजीचा पदर धरला.

मॅडम दारातच उभ्या होत्या. भंगारवाल्याला त्या म्हणाल्या, "तुम्ही जा." मग जाता जाता सिस्टरना म्हणाल्या, "पार्थच्या आईला सांगा, उन्हात उभं राहायची गरज नाही." माफी कुणी मागितली नाही. मी वाट बघतेय अजून.

मित्रांनो, खाटा काय, नव्या येतील. माझ्यासाठी काही मागत नाही मी. पण वर्गात कुणी पेंगलं, कुणी चुळबुळलं, तर नाव ठेवण्याआधी त्याला विचारा, तुला काय होतं. आणि घरात कुणाला गोळी असेल, तर घेतली का एवढंच विचारून थांबू नका, कशी घेतली तेही विचारा. हे विचारायला डॉक्टर असावं लागत नाही.

मनस्वी आता नववीत आहे. अख्खी गोळी गिळते. रोज दुपारी माझ्यावर झोपते, आणि तिच्या मैत्रिणी डबा घेऊन इथेच येऊन बसतात. गप्पा रंगल्या, कुणी काही बोललं आणि मनस्वीला हसू फुटायला लागलं, की ती आता उठून जात नाही. आधी माझ्या काठावर नीट बसते, मागे टेकते आणि मग मनसोक्त हसते. गुडघे गेले तर जाऊ देत. खाली मी आहे.