परसातला पेरू आणि मी

मित्रांनो, मी पेरूच्या रसाचा एक डबा आहे. आता रिकामा, कडेने गंजलेला. पण माझ्या अंगावरचा पेरू बघा, अजून कसा टवटवीत दिसतो! चित्राला शिळं व्हायचं ठाऊक नसतं, आणि माणसं भुलतात ती चित्रालाच.

दूरच्या एका कारखान्यात मला भरलं. पिकलेले पेरू आले तेव्हा तिथे नुसता घमघमाट सुटला होता. मग त्यांचा गर काढून गाळला. साल, बिया आणि चोथा गाळणीवरच राहिला. पोट साफ ठेवतो तो हाच चोथा. ताज्या पेरूत क जीवनसत्त्व संत्र्याहूनही जास्त असतं, पण गर तापवला तशी त्यातलं बरंचसं गेलं. राहिलं ते माझ्या पोटात पडून पडून आणखी कमी झालं. त्यात पाणी आणि भरपूर साखर मिसळून मला झाकण लावलं. मी अगदीच टाकाऊ नव्हतो. थकल्या माणसाला घटकाभर तरतरी देण्याइतका गोडवा माझ्यात होता. पण पेरूची जागा मी घ्यावी, एवढी माझी ऐपत नव्हती.

कळंबच्या दादाभाऊंनी माझ्यासारख्या डब्यांचं एक खोकंच घरी आणलं. त्यांचे वडील, सोमाजी, आजारी होते. हिरड्यांतून रक्त यायचं, पोट साफ होत नव्हतं. रोज ताजं फळ द्या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

"परसात पेरू लागल्यात की," सोमाजी खाटेवरून म्हणाले. "पोरी, एक आण. चमच्यानं खरवडून दे. दात हलत्यात, पर चव हाय अजून."

सून नूतन घाबरली. "नगं मामा. थंडीचं दिस हायेत. पेरूनं खोकला व्हतो."

तिची आई खोकून खोकून गेली होती. म्हणून हा शब्द तोंडात आला तरी तिचा जीव गोळा व्हायचा.

दादाभाऊंनी मला पुढे केलं. "ह्यो बी पेरूच हाय. उकळून भरलाय, बाधायचा न्हाई. म्हाग बी हाय."

सगळ्यांचं समाधान झालं. माझं झाकण कापलं, पेला भरला. सोमाजींनी घोट घेतला आणि सुनेकडे पाहिलं.

"गोड हाय लई. पर पेरू कुठं हाय ह्यात?"

"हाय की मामा. वर बघा ना चित्र."

तिचं मन राखायला ते सगळा पेला प्याले. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो.

रिकामा झाल्यावर नूतनने मला धुऊन खिडकीत ठेवलं आणि माझ्यात चमचे उभे केले. समोरच पेरूचं झाड होतं. पोपट येऊन खुशाल पेरू कुरतडत. सोमाजी ते बघत पडून राहत. अधूनमधून पुन्हा मागत. नूतन पदराने डोळे टिपून नवा डबा उघडी. तिच्या मायेत काही खोट नव्हती, म्हणून तर तिचा राग करता येत नाही.

एका सकाळी सोमाजी उठलेच नाहीत. पेरूने ते वाचले असते असं मी म्हणणार नाही. वय झालं होतं. पण त्यांनी कितीसं मागितलं होतं?

दशक्रियेला मला नदीकाठच्या घाटावर नेलं. माझ्यात वाळू भरून उदबत्त्या खोचल्या होत्या. पिंडाशेजारी भात, भजी, लाडू मांडले होते. कावळे झाडावर बसून होते, खाली एकही येईना. दादाभाऊंनी हात जोडले, भावकीतल्यांनीही जोडले.

तेव्हा नूतन पुढे झाली. तिने पदराआडून परसातला पेरू काढला, पिंडापुढे बसून खरवडला आणि तो मऊ गर पानावर ठेवला.

"खा मामा," ती म्हणाली. "आता न्हाई व्हायचा खोकला."

कावळा आला आणि थेट त्या गराला शिवला. लोक म्हणाले, इच्छा पुरी झाली. नूतन मात्र तिथेच ओक्साबोक्शी रडत बसली.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी खाटेवरून फळ मागत असेल, तर माझ्या चित्रावर जाऊ नका. झाडाखाली जा, झाड नसेल तर बाजारात जा. फळ धुवा, कापा, मऊ करा आणि मागणारा आहे तोवर त्याला भरवा.