पोशीच्या बोटावरची साखर

पट्टीनं रक्ताचा थेंब चटकन शोषून घेतला, हातातल्या मशीनवर आकडे उलटे धावू लागले – पाच, चार, तीन – आणि वर्षानं मशीन डोळ्यांजवळ नेलं. तीनशे ऐंशी! परवा रुपीची साखर तीनशे चाळीस, काल गोदीची चारशे... अख्ख्या पाड्याला एका आठवड्यात मधुमेह?

"सोमवारी मशीन जमा करा," डॉक्टर फोनवर म्हणाले होते. "उन्हात पट्ट्या नासवल्यात तुम्ही." म्हणजे पुन्हा गरोदर बायांनी साखर तपासायला जीप धरून जव्हार गाठायचं – म्हणजे कुणीच जायचं नाही, आणि या मशीनसाठी तिनं, सूर्यमाळच्या आशा सेविकेनं, वर्षभर किती उंबरे झिजवले होते! समोर आठव्या महिन्यातली पोशी, टवटवीत, ना तहान ना थकवा... प्रशिक्षणात काय सांगितलं होतं? पट्टीवर एन्झाइम असतं, ते साखर सोडून कुणालाच ओळखत नाही. मग मेलं खोटं का बोलेल?

आकडा लिहायला तिनं पेन उचललं, तर ते बोटांना चिकटलं. याच बोटांनी पोशीचा हात धरला होता.

"पोशे, सकाळधरनं काय करत होतीस?"

"मोहाची फुलं येचीत व्हते, ताई."

अगं बाई, फुलं, साखरेनं चिकट! सगळ्याच जणी फुलं वेचतायत... आणि मी स्पिरिटचा बोळा फिरवून मोकळी – कारण चैत्रात कुणाच्या घरी हात धुवायला पाणी मागायचं म्हणजे, एवढा डोंगर चढून आणलेला हंडा, लाजच वाटायची. प्रशिक्षणात 'साबणानं धुवा' म्हणाले होते, ते शहराचे चोचले म्हणून मीच सोडून दिलं. नाचता येईना, अंगण वाकडं!

"काळीमावशी, तांब्याभर पाणी द्या."

"पियाला?" पोशीच्या सासूनं विचारलं.

"हिचे हात धुवायला."

म्हातारीनं हंड्याकडे पाहिलं, सुनेच्या पोटाकडे पाहिलं, आणि धार धरली. दुसरं बोट, नवी पट्टी... ब्याण्णव.

ब्याण्णव! पट्टी खरंच बोलली होती – बोटावर साखर होती, तिनं साखर सांगितली. वर्षाला नाचावंसं वाटलं. रुपीचे, गोदीचे हात धुवून पाहायचे होते अजून. त्यातल्या एखादीची साखर खरी निघालीच, तर निघू दे – गाठलीच म्हणायची तिला, वेळेवर!

तिनं डॉक्टरांना फोन लावला. सर, चूक मशीनची नाही, माझी... जन्मभर असं बोलायची वेळ आली की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. आज घंटी वाजत राहिली, आणि ते वाक्य कधी एकदा बोलते असं तिला झालं.