घासलेला खटका

कारखान्यात चौतीस वर्षं फिटर म्हणून घालवलेल्या माणसाला बाबागाडी मिटता येऊ नये, ही आबांच्या मते हद्दच होती. दांड्याखालचा खटका दोन्ही अंगठ्यांनी दाबायचा आणि गाडी मधोमध दुमडायची, एवढंच तर काम. पण आबांचा उजवा अंगठा संधिवातानं धरलेला. एकदा लिफ्टच्या दारात ते त्या खटक्याशी झोंबत घामाघूम झाले. मागे चार माणसं ताटकळलेली. शेवटी सुनेनं नातीला त्यांच्या कडेवर दिलं आणि चुटकीसरशी गाडी मिटली. ती काही बोलली नाही, हसलीही नाही, आणि आबांना तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सून झोपलेली पाहून आबांनी हत्यारांची पेटी उघडली. चाकांत गुंतलेले केस काढले, बिजागऱ्यांना तेल दिलं. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी कानस घेतली आणि खटक्याची पुढे आलेली कड घास घास घासली. गाडी एका बोटानं मिटू लागली.

"आबा, काय जादू केलीत?" सुनेनं विचारलं.

"तेल दिलं जरा," आबा मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले. ते खोटं नव्हतं, अर्धं खरं होतं.

चौथ्या दिवशी सून नातीला घेऊन फिरायला गेली आणि रडत परतली. फुटपाथवरून उतरताना पुढची चाकं आपटली आणि बाळासकट गाडी मिटली. पट्टा बांधलेला होता म्हणून निभावलं, पण नातीची करंगळी दोन दांड्यांत सापडली. दवाखान्यात दोन टाके पडले.

"मी खटका नीट लावलाच नसणार," सून पुन्हा पुन्हा म्हणत होती. "आवाज झाला होता की नाही, तेच आठवत नाही मला."

"तुझं लक्ष असतं कुठे?" मुलगा खेकसला.

आबांनी तोवर गाडीजवळ जाऊन खटका बोटानं चाचपला होता. नुसता धक्का लागताच तो सुटत होता. आता बोलायचं, असं त्यांनी ठरवलंही. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "जाऊ दे रे, तिला बोलू नकोस. होते चूक माणसाच्या हातून." सुनेनं डोळे पुसत त्यांच्याकडे इतक्या कृतज्ञतेनं पाहिलं की आबांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मग ते गप्पच राहिले. एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी सांगणं आणखी जड व्हायचं. सून बाळाला घेऊन बाहेर पडेनाशी झाली. भाजी आणायलाही ती एकटीच जायची.

नवव्या दिवशी आबा गाडी घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. कारागिरानं खटका काढून उजेडात धरला.

"हा झिजलेला नाही, काका. कुणीतरी कानशीनं घासलाय. कोण हा दीडशहाणा?"

"काय माहीत," आबा म्हणाले.

"कळलं तर त्याच्या हातात पुन्हा कानस देऊ नका."

"नाही देणार," आबा म्हणाले. त्यांचे कान तापले होते. नवा खटका बसला. जुना त्यांनी मागून घेऊन खिशात टाकला. तो वाटेत गटारात फेकला असता तर कुणाला कधीच काही कळलं नसतं. वाटेत दोन गटारं लागलीही.

घरी सून बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. "गाडी झाली का नीट?" तिनं विचारलं. "मग तुम्हीच फिरवून आणा हिला. माझा माझ्यावर भरवसा नाही राहिला, आबा."

आबांनी जुना खटका तिच्यासमोर दुपट्यावर ठेवला.

"तू लावला होतास. हा मी घासला होता, म्हणून सुटला."

तिनं तो उचलला, घासलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. तू रडत होतीस तेव्हा."

ती ओरडेल, खटका अंगावर फेकेल, अशी आबांची तयारी होती. तसं झालं असतं तर त्यांना हलकंच वाटलं असतं. पण तिनं खटका हळूच खाली ठेवला आणि अर्धवट राहिलेली घडी पूर्ण केली.

"त्या दिवशी संध्याकाळी मी आईला फोन केला होता," ती म्हणाली. "म्हटलं, घरात सगळे माझ्यावर चिडलेत, एकटे आबा माझ्या बाजूनं उभे राहिले. सासरा असावा तर असा."