आवाजाची मुदत

“संगीतकार म्हणून इथं सही करा,” जाहिरात कंपनीच्या बाईंनी करारावर बोट ठेवलं. “आणि गुणगुणणाऱ्या बाई कोण? त्यांचीही लागेल.”

“माझी बायको. आता नाही ती.”

बाईंनी कराराचं पान उलटलं. “मग वारस म्हणून तीही तुम्हीच करा.”

मास्तरांनी दुसरी सही केली. शाळेत संगीत शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. ही धून त्यांनी तरुणपणी हौसेनं बांधली. ध्वनिमुद्रणाला ठरलेली गायिका आलीच नाही, तेव्हा सोबत आलेल्या बायकोलाच त्यांनी माइकसमोर उभं केलं. “अहो, माझं हसं कराल,” म्हणत म्हणत ती गुणगुणली. पुढे धून तशीच पडून राहिली. परवा परवा लेकीनं ती इंटरनेटवर टाकली आणि साबणवाल्यांच्या कानावर गेली.

जाहिरात सुरू झाली. एकदा मास्तर औषधाच्या दुकानात गोळ्या घेत होते, तोच कोपऱ्यातल्या टीव्हीवर बायको गुणगुणली. गोळ्या तिथंच ठेवून ते टीव्हीखाली जाऊन उभे राहिले. मग तो नादच लागला. कुणाच्या खिडकीतून, कुणाच्या रिक्षातून ती ऐकू यायची. संध्याकाळी ते औषधवाल्याच्या बाकावर जाऊन बसू लागले. बँकेत रॉयल्टी जमा झाल्याचे निरोप यायचे, ते उघडायचंही त्यांना सुचत नसे. घरी मूळ ध्वनिमुद्रण होतं, पण तिथं बटण आपण दाबायचं. बाहेर ती आपणहून यायची.

वर्ष सरलं, कराराची मुदत संपली आणि आवाज बंद झाला. मास्तरांनी फोन लावला.

“पैसे नकोत मला. चालू राहू द्या फक्त.”

“तसं नसतं हो, मास्तर,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “साहेबांना ताजा आवाज हवाय. चाल तुमचीच ठेवू, गायिका नवी. मानधनही वाढवून देतील.”

“विचार करून सांगतो.”

रात्री लेकीचा फोन आला. “द्या ना, बाबा. चाल तरी कानावर पडेल.”

“चालीचं काही नाही गं. पण लांबून ऐकू आली की मी धावत जाणार, आणि जवळ गेल्यावर भलतीच कुणी निघणार.”

लेकीनं विचारलं, “जेवलात का?”

“हो,” मास्तर म्हणाले. गॅस अजून पेटवायचा होता.

सकाळी त्यांनी नकार कळवला. साबणवाल्यांनी दुसरीच कसलीशी धडधडती धून घेतली. तरी संध्याकाळ झाली की मास्तरांचे पाय औषधाच्या दुकानाकडे वळत.

“आज काही देऊ का, मास्तर?” औषधवाल्यानं एकदा विचारलं.

“काही नको. बसतो जरा.”

टीव्ही दणाणत होता. म्हातारा माणूस दमला असेल, असं वाटून औषधवाल्यानं हात लांबवून टीव्हीचा आवाज अगदी बारीक केला.